जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डला टॅकोमीटर: गोव्यातल्या नेरूलच्या होडीवरच्या कामाच्या नोंदी

होडी फायबरची, २४ फुटी, प्रवासी वाहतुकीची, स्टिअरिंग आणि रिमोट कंट्रोलवाली. मोटर यामाहाची तीन सिलिंडरची टू-स्ट्रोक, ४० अश्वशक्ती, सेल्फ-स्टार्ट. जुना टॅकोमीटर, म्हणजे मोटरीचे फेरे दाखवणारं गेज (पुढे नुसतं टॅक), कायमचा बंद पडलेला, काचेआड पाणी साचलेलं. काम जुलै ते सप्टेंबर २०२४ मध्ये झालं, पावसाळ्यात प्रवासी बंद असताना. होडी किनाऱ्यावर ओढून माडांखाली ताडपत्रीच्या मांडवात ठेवली होती.

टॅक हवा होता तो पंखा (प्रोपेलर) तपासायला. प्रवासी भरल्यावर पूर्ण थ्रॉटलला मोटर मिनिटाला किती फेरे गाठते, यावरून पंखा जड आहे की हलका ते ठरतं. मालकपुस्तिकेत या मोटरीला ४५०० ते ५५०० ही मर्यादा दिली आहे. कानाला ४३०० आणि ४७०० सारखेच वाटतात, आणि जड पंख्याखाली मोटर वर्षानुवर्षं दबून चालली की कार्बन साचतो, रिंगा चिकटतात आणि पिस्टन तापतो.

८ जुलै: आधी जुन्या तारा

नवा टॅक विकत घेण्याआधी तारा तपासल्या. यामाहाच्या हार्नेसमध्ये (तारांच्या जुडग्यात) टॅकसाठी तीन तारा लागतात: पिवळी म्हणजे किल्ली चालू केल्यावर येणारे १२ व्होल्ट, काळी म्हणजे निगेटिव्ह, हिरवी म्हणजे लाइटिंग कॉइलकडून (फ्लायव्हीलखालच्या वीज तयार करणाऱ्या कॉइलकडून) येणारा सिग्नल. पांढरी तार मोटर बंद करणारी. तिला टॅक जोडायचा नाही, सिग्नल म्हणून तर नाहीच. ती सीडीआयच्या (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटच्या) चार्जिंग सर्किटशी जोडलेली असते, तिथे व्होल्टेज शेकड्यांत असतं, आणि टॅक जळतो किंवा मोटर ठिणगीच देत नाही.

हे रंग त्या त्या कंपनीपुरतेच खरे. सुझुकीत पिवळी टॅकची आणि करडी चालू किल्लीची. मर्क्युरी आणि जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडमध्ये करडी टॅकची, जांभळी १२ व्होल्टची. एका मोटरीवर शिकलेले रंग दुसरीवर लावले की पहिल्याच दिवशी फ्यूज जातो.

मल्टिमीटरने पाहिलं तर कन्सोलवर पिवळी-काळी यांच्यात १२.५ व्होल्ट. बॅटरीवर १२.६. दिसायला उत्तम. पण मल्टिमीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे तारेतला एक धागा शिल्लक असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. म्हणून तिथेच दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब जोडून पुन्हा मोजलं: ८.१ व्होल्ट. बल्ब तांबूस पेटला. जुन्या होडीवर कुठलीही तार तपासताना हा बल्ब सोबत ठेवावाच. त्याची किंमत वीस-तीस रुपये, आणि तो नसेल तर दोष तारेत असताना टॅक बदलला जातो.

९ जुलै: दहा पिनांचा प्लग

व्होल्टेज कुठे पडतं ते बल्ब पेटलेला ठेवून टप्प्याटप्प्याने मोजलं. मल्टिमीटरची एक टोक-सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी काळ्या तारेवर, मागून पुढे सरकत. इंजिनवरच्या प्लगच्या मोटरीकडच्या बाजूला ०.०५ व्होल्ट, कन्सोलकडच्या बाजूला ३.४. म्हणजे दोष त्या एका पिनमध्ये. प्लग उघडला तर काळ्या तारेची पिन हिरवा कळंक धरून अर्धी खाल्ली गेलेली आणि प्लॅस्टिक तिच्याभोवती तपकिरी. लाल पिनवरही कळंक होता, पण आत धातू शाबूत. उरलेले साधारण व्होल्टभर तिथेच अडकत होते.

लाल पिन बारीक पॉलिश पेपरने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ झाली. काळीचं इन्सुलेशन मागे मागे सोलत गेलो, तर तांबं चार इंचांपर्यंत काळं. काळं पडलेलं तांबं क्रिंप धरत नाही, सोल्डरही धरत नाही. चकाकतं तांबं लागेपर्यंत कापावंच लागतं, आणि इथे ते कापत राहिलं तर प्लगपर्यंत तारच उरली नसती. काळी नवी ओढायची ठरली, कन्सोलपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. टॅकचं निगेटिव्ह इंजिनच्या ब्लॉकवरून न घेता बॅटरीवरून घेण्याचा फायदा पुढे काटा उड्या मारायला लागला तेव्हा कळला.

१३ जुलै: हिरवी तार

मोटर बंद ठेवून हिरव्या तारेची सलगता तपासली. कन्सोल ते इंजिन: अनंत रोध. तार आत कुठेतरी तुटलेली. बहुतेक वेळा ही तार ट्रान्समच्या (मोटर जिथे अडकवतात त्या मागच्या फळीच्या) कोपऱ्यात तुटते, कारण मोटर वळते आणि वर उचलली जाते तेव्हा हार्नेसचा पूर्ण वाक तिथेच पडतो. हार्नेस फाडून जोड मारण्यात अर्थ नव्हता, नवी तार बाहेरून टाकायची.

त्याआधी कॉइल जिवंत आहे का ते पाहणं गरजेचं. रेक्टिफायरला (कॉइलच्या एसीचं बॅटरीसाठी डीसी करणाऱ्या भागाला) जाणाऱ्या दोन हिरव्या तारा सोडवल्या, यातली एक पांढऱ्या पट्ट्याची. दोघींमध्ये रोध १ ओमच्या आत, आणि प्रत्येकीचा इंजिनच्या धातूशी संबंध नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तर कॉइल ठीक. धातूशी थोडासाही संबंध दाखवला तर कॉइलचं इन्सुलेशन गेलं आहे, आणि मग फ्लायव्हील काढण्याचं वेगळं काम निघतं.

मग मोटर निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात, पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर येईपर्यंत भरून, न्यूट्रलमध्ये सुरू केली. पाण्याशिवाय सुरू केली तर इंपेलरचं रबर काही सेकंदांत जळतं. पिंपात फक्त आयडल, फार तर दोन हजारपर्यंत. रिकाम्या मोटरीला त्याहून वर रेस द्यायची नाही. सोडवलेल्या दोन हिरव्यांमध्ये आयडलला १४ व्होल्टच्या आसपास एसी मिळालं. कॉइल काम करत होती.

१४ जुलै: खरेदी

टॅक म्हापशाला दुकानातून, ८५ मिमीचा, मागे पोलचा (फ्लायव्हीलवरच्या चुंबकांच्या ध्रुवांचा) निवडक, म्हणजे सिलेक्टर, असलेला, ४,२०० रुपये. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. मागे पोल निवडता येतात का, आणि डायल ६००० किंवा ७००० पर्यंत आहे का. गाडीचे टॅक निम्म्या किमतीत मिळतात, पण ते इग्निशन कॉइलवरून सिग्नल घेतात आणि त्यांना ४, ६, ८ सिलिंडर एवढंच कळतं. बारा पोलच्या लाइटिंग कॉइलशी ते जुळत नाहीत.

दुसरी वस्तू याहून महत्त्वाची: स्पार्क प्लगच्या तारेला गुंडाळायचा छोटा डिजिटल मीटर, ७५० रुपये. तो कायमचा बसवायचा नाही, नव्या टॅकचा खरेखोटेपणा तपासायला आहे. तो घेतला नसता तर पुढची चूक पकडली गेली नसती.

तार मात्र सहज मिळाली नाही. हार्डवेअरच्या दुकानात घरगुती वायरिंगची १.५ चौ. मिमीची तार मिळते, ती घेऊन (४२० रुपये) ओढूनही झाली, आणि १९ तारखेला काढून टाकली. घरगुती तारेतलं तांबं उघडं असतं, त्यावर टिनचा (कथलाचा) मुलामा नसतो, कापलेल्या टोकातून खारट ओल इन्सुलेशनच्या आत चढत जाते आणि हंगाम संपेपर्यंत ती तार जुन्या काळीसारखी होते. शिवाय तिचे धागे मोजके आणि जाड, मोटरीच्या थरथराटाने टर्मिनलच्या तोंडाशी तुटतात. होडीला टिन केलेली, बारीक धाग्यांची तारच हवी. ती पणजीहून मागवून घ्यावी लागली, मीटरला ५५ रुपये, १४ मीटर.

१९ जुलै: तार ओढणं आणि कन्सोल

दोन नव्या तारा, काळी आणि हिरवी, रिमोटच्या केबलींसोबत पण स्पार्क प्लगच्या तारांपासून आणि इग्निशन कॉइलांपासून हातभर दूर. काउलमध्ये (मोटरीच्या झाकणात) शिरताना जुन्याच रबरी ग्रोमेटमधून, कारण काउलला नवं भोक म्हणजे पाण्याला नवी वाट. ट्रान्समच्या कोपऱ्यात मोटर पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे आणि पूर्ण वर उचलून तार ताणली जात नाही ना ते पाहून मगच झिप-टाय आवळले. दोन वितीचा ढिला वळसा ठेवला.

प्रत्येक टोकाला क्रिंप केलेलं रिंग टर्मिनल आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. गोंदाची आणि साधी नळी दिसायला सारखी. तापवल्यावर दोन्ही टोकांतून चिकट थेंब बाहेर आला तर ती गोंदाची. नुसतं सोल्डर करू नये, सोल्डर जिथे संपतं तिथे तार ताठ होते आणि थरथरून नेमकी तिथेच तुटते.

पिवळी तार जुनीच ठेवली, बल्ब लावून तिच्यावर आता १२.२ व्होल्ट. कन्सोलमागे तिला २ अँपिअरचा फ्यूज. टॅक खातो त्याहून कमी, पण काचेतल्या दिव्याचाही हिशेब धरला.

जुन्या टॅकचं भोक ८० मिमीचं, नव्याला ८६ लागलं. होल-सॉ मोठ्या भोकात केंद्र धरत नाही. म्हणून आत प्लायवुडचा तुकडा बसवून त्यावर केंद्र घेतलं. फायबर कापताना आधी ड्रिल उलट्या दिशेने फिरवून जेलकोटवर (फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर) चर पाडावा, मग सरळ. थेट सरळ घेतलं की जेलकोटचे टवके उडतात आणि ते गेजच्या कडेबाहेर दिसतात. मास्क आणि पूर्ण बाह्या हव्यातच, फायबरचा भुगा मनगटांना चार दिवस खाजवतो. कापलेली कड रेझिनने बंद केली.

गेजच्या मागच्या नटांना हाताने घट्ट आणि वर पाव फेरा, बस. स्टड प्लॅस्टिकमध्ये बसवलेले असतात. जास्त पिळले तर आतल्या आत फिरतात आणि सर्किटपासून सुटतात.

२१ जुलै: काटा हलला, पण खोटा

पिंपात मोटर सुरू केली, काटा लगेच उठला. आयडलला १७००. कानाला मोटर शांत, नेहमीसारखी. इथेच अनेक जण समजतात की मोटर जास्त फिरते आहे, आणि आयडलचा स्क्रू पिळून मोटर बंद पाडतात.

प्लगच्या तारेवर डिजिटल मीटर गुंडाळला: ८५०. या मीटरमध्ये एका फेऱ्याला एक ठिणगी ही सेटिंग असायला हवी. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक प्लग प्रत्येक फेऱ्याला एकदा पेटतो. फोर-स्ट्रोकची, म्हणजे दोन फेऱ्यांना एक ठिणगीची सेटिंग राहिली तर हा मीटरही दुप्पट दाखवेल आणि दोन खोटे आकडे एकमेकांना दुजोरा देत बसतील.

तिसरा पुरावा म्हणून मल्टिमीटर हर्ट्झवर ठेवून हिरव्या आणि काळ्या तारेत मोजलं: ८५. मग गणित सोपं. ८५ गुणिले ६० म्हणजे मिनिटाला ५१०० स्पंदनं. ५१०० भागिले ८५० म्हणजे फेऱ्याला ६. फेऱ्याला ६ स्पंदनं म्हणजे १२ पोल.

घोटाळा निवडकाच्या आकड्यात होता. जुन्या टॅकवर निवडक ‘६’ वर होता, म्हणून नवाही ‘६पी’ वर ठेवला गेला. पण जुन्याच्या आकड्याचा अर्थ फेऱ्याला ६ स्पंदनं, नव्याच्या ‘६पी’ चा अर्थ ६ पोल, म्हणजे ३ स्पंदनं. नवा टॅक तीन स्पंदनांना एक फेरा मोजत होता, म्हणून बरोबर दुप्पट. निवडक ‘१२पी’ वर आणला, काटा ८५० च्या जवळ आला.

कुठल्याही जुन्या मोटरीवर हा क्रम पाळावा: प्लगवरून खरे फेरे, हिरवीवरून हर्ट्झ, त्यावरून स्पंदनं, मग निवडक. इंटरनेटवरच्या तक्त्यावरून पोल ठरवू नयेत. एकाच अश्वशक्तीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या मोटरींत कॉइल बदललेली असते, आणि वापरलेल्या मोटरीत तर फ्लायव्हील दुसऱ्याच मोटरीचं असू शकतं.

निवडक फिरवताना वीज बंद ठेवावी, आणि दोन्ही बाजूंनी पाच-सात वेळा फिरवून मग ठरलेल्या जागी थांबावं. गोदामात पडून राहिलेल्या गेजचे आतले संपर्क ऑक्साइड धरतात, आणि मग काटा मध्येच शून्यावर पडतो.

२७ जुलै: मेकॅनिक नाही

१ ऑगस्टला मासेमारीबंदी उठते, त्यामुळे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बेतीपासून मालीमपर्यंत प्रत्येक फिटर ट्रॉलरांच्या कामात. रेक्टिफायर कोणाकडून तपासून घेण्याचा बेत होता, तो राहिला. हंगामाआधीचं कुठलंही काम जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत उरकावं.

११ ऑगस्ट: पाण्यात, आणि काटा उड्या मारतो

होडी भरतीला नेरूलच्या नदीत उतरवली. समुद्राकडे जाण्याचा प्रश्न नव्हता. पावसाळ्यात अग्वादच्या बारवर, म्हणजे नदीच्या मुखाजवळच्या वाळूच्या दांड्यावर, लाटा फुटतात, पूर्वी मांडवीतल्या बार्जसुद्धा या दिवसांत कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीला जात. टॅकच्या चाचणीला नदीचं सपाट पाणीच बरं.

२५०० पर्यंत काटा स्थिर. ३००० च्या वर थरथरायला लागला, ३५०० ला २८०० ते ४२०० मध्ये नाचला. प्लगवरचा डिजिटल मीटर शांतपणे ३५२० दाखवत होता, म्हणजे मोटर ठीक, सिग्नल बिघडलेला.

संशयितांना एकेक करून तपासलं, एका वेळी एकच बदल. आधी टॅकचं निगेटिव्ह: थेट बॅटरीवर, ठीक. मग सिग्नलची तार काउलमध्ये प्लगच्या तारांपासून आणखी दूर बांधली: फरक नाही. मग प्लग. आधीच्या देखभालीत रेझिस्टर नसलेले प्लग घातलेले होते. एनजीकेच्या क्रमांकात ‘आर’ असेल तर रेझिस्टरवाला. त्याच उष्णतामानाचे ‘आर’ वाले घातले, थरथर निम्मी झाली. निम्मी म्हणजे दुसरं कारण अजून होतं.

१४ ऑगस्ट: रेक्टिफायर

राहिलेलं कारण रेक्टिफायर. मल्टिमीटर डायोडवर ठेवून, चारही तारा सोडवून मोजायचं. प्रत्येक हिरवीपासून लालपर्यंत एका दिशेने ०.४ ते ०.७ आणि उलट्या दिशेने काहीच नाही. काळीपासून प्रत्येक हिरवीपर्यंत तसंच. चारपैकी तीन डायोड बरोबर. चौथा, हिरवी-पांढरी आणि काळीमधला, दोन्ही दिशांना उघडा.

एक डायोड उघडा असला तर मोटर चालते, बॅटरी निम्मी का होईना चार्ज होते, आणि दोष लपून राहतो. टॅकला मिळणारं स्पंदन मात्र कापलेल्या चौकोनाऐवजी टोकदार शिखरांचं होतं, वेग वाढला की ती शिखरं उंचावतात आणि टॅक एकाऐवजी दोन मोजतो. जुन्या मोटरीवर टॅक अचानक नाचायला लागला तर टॅक बदलण्याआधी रेक्टिफायर तपासावा.

तो का गेला तेही सापडलं. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर पंखांचा नट (विंग नट) होता, हाताने फिरत होता. मोटर चालू असताना बॅटरीचा संपर्क क्षणभर सुटला की कॉइलचं पूर्ण व्होल्टेज डायोडांवर येतं. पंखांचे नट काढून नायलॉन-लॉक नट घातले. बॅटरी उलटी जोडली तरही हाच भाग सगळ्यात आधी जातो, तोही लगेच.

पर्यायी कंपनीचा रेक्टिफायर १,८५० रुपये. बसवताना त्याची पाठ आणि ब्लॉकची जागा दोन्ही धातू दिसेपर्यंत साफ करावी, उष्णता तिथूनच जाते. या मोटरीवर व्होल्टेज नियंत्रक नाही, नुसता रेक्टिफायर आहे, त्यामुळे बॅटरी पाणी घालण्याच्या झाकणांची लेड-अॅसिड असावी. सीलबंद बॅटरी वरच्या वेगात फुगते. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर १५ व्होल्टच्या वर गेलेलं दिसेल. टॅक तेवढं सहन करणारा आहे का ते खरेदीच्या वेळीच वाचावं.

२४ ऑगस्ट: आकडे जुळले

नारळी पौर्णिमेनंतरचा पहिला कोरडा शनिवार. टॅक आणि डिजिटल मीटर शेजारी ठेवून: ८५० ला टॅक ८५०, २००० ला २०५०, ३५०० ला ३५५०, ४२०० ला ४३००. काट्याच्या गेजला एवढा फरक चालतो. फरक पडतो तिथे तो वरच्या बाजूलाच आहे हे लक्षात ठेवून पुढचे आकडे डिजिटलवरचेच लिहिले आहेत.

मग खरी चाचणी. प्रवाशांऐवजी २० लिटरचे २५ कॅन, नदीच्याच पाण्याने भरून, बाकांखाली मांडले: ५०० किलो. प्रवासी घेऊन पंख्याची चाचणी करू नये. भार हलतो, शिवाय पूर्ण थ्रॉटलला काही बिघडलं तर माणसं होडीत असतात.

१३ पिचचा पंखा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा हिशेबाने जितके इंच पुढे सरकेल ते अंतर), पूर्ण थ्रॉटल: ४२००. मर्यादेच्या खाली.

पंख्यावर ठपका ठेवण्याआधी तीन गोष्टी पाहिल्या. तळ किनाऱ्यावरच खरवडून घेतला होता. प्लग नवे. आणि थ्रॉटल खरंच पूर्ण उघडतो का? लिव्हर शेवटपर्यंत ढकलून काउल काढून पाहिलं तर कॅम त्याच्या थांब्याला टेकत नव्हता, साधारण ४ मिमी राहत होते. केबलचं टोक फिरवून लांबी जुळवली. पुन्हा: ४३००. जुन्या केबली ताणलेल्या असतात, आणि या ४ मिमीपायी लोक नवे पंखे विकत घेतात.

३ सप्टेंबर: पंखा

पिचचा एक इंच म्हणजे ढोबळमानाने १५० ते २०० फेरे. ५०० किलोवर ४६०० ते ४८०० हवे, म्हणजे १३ वरून ११. चवथ तोंडावर असल्याने नवा मिळायला वेळ लागला असता. वापरलेला ११ पिचचा, व्यास ११ पूर्णांक ५/८, ४,५०० रुपयांना घेतला. घेताना पाती सपाट फरशीवर ठेवून तिन्हींची उंची मोजली, आणि मधलं रबरी हब घसरलेलं नाही ना ते पाहिलं. हब घसरत असेल तर टॅक वर जातो आणि होडी तिथेच राहते.

बसवताना शाफ्टवर मरीन ग्रीस, खालचा थ्रस्ट वॉशर त्याच्याच दिशेने, नवी कॉटर पिन.

५०० किलोसह पूर्ण थ्रॉटल: ४७२०. रिकाम्या होडीत, एकटा चालक: ५४००. दोन्ही आकडे मर्यादेत. रिकाम्या होडीत ५५०० च्या वर गेलं असतं तर १२ पिच घ्यावा लागला असता. प्रवासी होडीला भरलेल्या भाराचा आकडा आधी पाहावा, कारण ती बहुतेक वेळ भरलेलीच चालते. मच्छीमाराच्या होडीचा हिशेब वेगळा, ती जाताना हलकी आणि येताना जड.

१५ सप्टेंबर: पाणी आणि खर्च

चवथीनंतरच्या पावसात काचेआड धुकं आलं, दुपारच्या उन्हात गेलं. गेजच्या मागे श्वास घेण्याचं बारीक भोक असतं, ते सिलिकॉनने बुजवू नये. बुजवलं की आतली ओल बाहेर पडत नाही आणि जुन्यासारखं पाणी साचतं. पुढची कड आणि कन्सोल यांच्यात मात्र सिलिकॉन हवं, तेही तटस्थ प्रकारचं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि जवळच्या तांब्याला कळंक चढवतं. टर्मिनलांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, आणि होडी उभी असताना गेजवर कापडी टोपी. उन्हाने काच पिवळी पडते आणि मग आकडे वाचता येत नाहीत.

खर्च रुपयांत: टॅक ४,२००, डिजिटल मीटर ७५०, टिन केलेली तार ७७०, टर्मिनलं आणि हीट-श्रिंक ६४०, फ्यूज आणि होल्डर १२०, रेक्टिफायर १,८५०, सिलिकॉन ३२०, वाया गेलेली घरगुती तार ४२०. एकूण ९,०७०. प्लग आणि पंखा वेगळे. बहुतेक वेळ दोन ठिकाणी गेला, टिन केलेली तार येण्याची वाट पाहण्यात आणि रेक्टिफायरचा दोष उशिरा तपासण्यात. रेक्टिफायर १३ जुलैला हिरव्या तारा सोडवलेल्याच होत्या तेव्हाच दहा मिनिटांत मोजून झाला असता. हे काम करणाऱ्याने तो तेव्हाच मोजावा.

२२ सप्टेंबर: बॅटरी नसलेल्या छोट्या मोटरींसाठी

शेजारच्या ९.९ अश्वशक्तीच्या पातीवर, म्हणजे छोट्या होडीवर, हेच हवं होतं. दोरीने सुरू होणारी मोटर, बॅटरी नाही, लाइटिंग कॉइल नाही. तिथे वरचा खटाटोप लागत नाही, तो डिजिटल मीटरच बसवला. त्याची तार प्लगच्या तारेवर चार वेढे, वेढ्यांच्या दोन्ही टोकांना झिप-टाय, दुसरी तार असेल तर ती ब्लॉकच्या बोल्टला. आठ-दहा वेढे घातले तर सिग्नल जास्त येतो आणि मीटर दुप्पट मोजतो. दोनच घातले तर आयडलला आकडा गायब होतो. मीटर काउलच्या आत ठेवू नये, उष्णतेने पडदा काळा पडतो. तो वल्ह्याच्या खिळीशेजारी, टिलर धरून बसल्यावर दिसेल असा, आणि तार मोटरीच्या पूर्ण वळणाला पुरेल एवढी ढिली. आतली बॅटरी बदलता येत नाही असे सीलबंद मीटर स्वस्त मिळतात. ते घेताना उत्पादनाचं वर्ष पाहून घ्यावं, दुकानात दोन वर्षं पडलेला मीटर पुढच्या पावसाळ्याआधी बंद पडतो.